अर्ध्या किलोतला वाघ

केक हा पदार्थ ज्या हवामानात जन्मला त्या हवामानाचा आणि चंद्रपूरच्या हवामानाचा परस्परांशी काहीही संबंध नसताना, या शहरातील आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील गृहिणींनी स्वयंपाकघरातील ओट्यावर वाघ, हत्ती, किल्ल्याचे दरवाजे आणि कोळशाचे ट्रक अशा आकारांचे केक घडवण्याचा जो उद्योग आरंभला आहे, त्याची गंभीरपणे दखल घेण्याची वेळ आता आली आहे. ‘नॉव्हेल्टी केक’ म्हणजे जो पाहताक्षणी केक वाटू नये, दुसरीच एखादी वस्तू वाटावी, अशा खटपटीने सजवलेला केक होय. या व्याख्येचा पूर्वार्ध घरगुती कलाकारांना विनासायास साधतो, म्हणजे त्यांची कृती केक मुळीच वाटत नाही. उत्तरार्ध, म्हणजे ती नेमकी कोणती वस्तू वाटावी हा भाग, पाहुण्यांच्या मतभेदांवर सोडून द्यावा लागतो.

भारतातील केकचा इतिहास सांगताना केरळातील थलश्शेरीच्या मांबल्ली बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्याने दाखवलेला नमुना पाहून ख्रिसमसचा केक भाजला, ही हकिकत सांगण्याचा प्रघात आहे. नमुना पाहिला, तसा केला आणि गिऱ्हाईक खूश झाले, हा जो तिहेरी योग त्या वेळी जुळून आला तो पुढे फारसा जुळलेला दिसत नाही. घरच्या घरी प्राण्यांचे आणि आगगाड्यांचे केक करण्याच्या हौसेला ऑस्ट्रेलियातील ‘विमेन्स वीकली’ या नियतकालिकाने १९८० साली काढलेल्या मुलांच्या वाढदिवसाच्या केकच्या पुस्तकाने मोठे बळ दिले. त्यातील बदकाची चोच बटाट्याच्या वेफर्सची होती, यावरून या कलेत शास्त्रापेक्षा डब्यात काय शिल्लक आहे याला अधिक महत्त्व असते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. चंद्रपुरात ही हौस २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोहोचली. त्याच वर्षी जुलै महिन्यात तुर्कस्तानातील एका केककलावंत बाईंच्या चित्रफिती जगभर फिरल्या, ज्यांत चप्पल, साबण, भाजी अशा वस्तूंवर सुरी चालवली की आतून केक निघत असे. त्यानंतर काही दिवस अनेक घरांतील कर्ते पुरुष न्हाणीघरातील साबण संशयाने हातात घेऊन पाहत असत, आणि तो साबणच आहे हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटकेची भावना दिसे ती पुढे खऱ्या केकसमोर कधी दिसली नाही.

साधनांच्या बाबतीत ही कला प्रारंभी प्रेशर कुकरच्या आश्रयाने वाढली. कुकरच्या तळाशी मिठाचा थर द्यायचा, झाकणाचे रबर आणि शिट्टी काढून ठेवायची आणि मंद आचेवर भांडे आत ठेवायचे, ही रीत सर्वश्रुत आहे. काढून ठेवलेले रबर आणि शिट्टी त्यानंतर कोठे जातात हा मात्र स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरावा. संध्याकाळी वरणाची वेळ झाली की घरात त्यांची शोधाशोध सुरू होते, शिट्टी नोझलच्या डब्यात सापडते, आणि वरणाला व्हॅनिलाचा वास येत असल्याची तक्रार जेवणाऱ्यांपैकी एकजण तरी नोंदवतोच. नोझल म्हणजे क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायची पत्र्याची टोपी, जिच्या तोंडाच्या आकाराप्रमाणे फूल, पान, शंख किंवा दोरी उमटते असे पाकिटावर लिहिलेले असते. नोझल चोवीसच्या संचात मिळतात, त्यांपैकी दोन वापरल्या जातात, उरलेल्या बावीस घरातील लहान मुले मातीच्या खेळात नेतात. पुढे ओव्हन येतो, फिरते ताट येते, लांब पात्याची बोथट सुरी येते, काट्यावर ग्रॅममध्ये मोजण्याची शिस्त येते. वाटी-चमच्याच्या मापावर अख्खा संसार उभा केलेल्या सासूबाईंना मैदा १२५ ग्रॅमच का, १३० का नाही, याचे उत्तर अखेरपर्यंत मिळत नाही.

सर्वांत तीव्र संघर्ष फ्रीजमध्ये घडतो. फेटायचे क्रीम थंडगार असावे लागते, सजवलेला केक पुठ्ठ्याच्या खोक्यासह उभा राहावा लागतो, आणि त्यासाठी मधला खण पूर्ण मोकळा करावा लागतो. त्या खणात आधीच दही, विरजण लावायची साय, कापून ठेवलेला फणस आणि सासऱ्यांचे इन्सुलिन असते, ज्याला २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवावे असे डॉक्टरांनी बजावलेले असते. क्रीमलाही साधारण तेवढेच तापमान मानवते. एकाच खणावर साखर वाढवणारा आणि साखर उतरवणारा, असे दोन पक्ष आपापला हक्क सांगत असल्याने घरात वाटाघाटी होतात.

“बाबा, एकच रात्र. सकाळी केक जाते.”

“मागच्या शनवारीबी एकच रात्र होती. तुझा हत्ती तीन दिवस मुक्कामाला होता.”

येथे हवामानाची चर्चा अपरिहार्य ठरते. केकची पुस्तके ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणावे’ असे सांगतात, तेव्हा लेखकांच्या मनात साधारण २० ते २२ अंशांची, खिडकीत जाळीचे पडदे असलेली खोली असते. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याच्या बातम्या येतात आणि देशातील सर्वांत उष्ण शहर म्हणून या गावाचे नाव छापून येते, ज्याचा येथील लोकांना त्रासाइतकाच अभिमानही असतो. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते. म्हणजे येथील उन्हाळ्यात लोणी खोलीच्या तापमानाला आणले की ते कढवण्याचे निम्मे काम उरकलेले असते. या अडचणीवर बाजाराने वनस्पती तेलापासून केलेले, दुधाचा स्निग्धांश नसलेले क्रीम हा उपाय शोधला, जे लोण्यापेक्षा चिवट असते; पण चिवटपणालाही मर्यादा असतात, आणि त्या मर्यादा नागपूर ओलांडून दक्षिणेकडे येताना लवकर संपतात.

मग खोली गार करण्यासाठी कूलर लावला जातो. विदर्भातील कूलर हा उन्हाळ्यात घरातील ज्येष्ठ सदस्याइतक्याच मानाचा असतो. त्याच्या ताट्यांवर पाणी सोडले की तो ओलसर, गार वारा देतो. या गारव्याने क्रीमला दिलासा मिळतो, परंतु ओलाव्याने फॉन्डंटचा घात होतो. फॉन्डंट म्हणजे पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन मळून केलेली, पोळीप्रमाणे लाटून केकवर पांघरता येणारी साखरेची कणीक; ती हवेतील ओलावा शोषून घेते, आधी चमकते, मग चिकट होते, मग तिला घाम सुटतो. तात्पर्य, कूलर बंद केला तर क्रीम वाहते आणि सुरू केला तर फॉन्डंट गळते, म्हणून केक सजवणारी बाई हात पुसत पुसत कूलरचे बटण चालू-बंद करत राहते, आणि ज्या क्षणी दोन्हींचा मेळ बसतो त्या क्षणी वीज जाते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, त्याची धुराडी गच्चीवरून दिसतात, आणि त्या धुराड्यांकडे टक लावून पाहत मेणबत्तीच्या उजेडात वाघाचा कान बसवणे हे या जिल्ह्यातील केककलेचे एक वैशिष्ट्य म्हणून नोंदवावे लागेल.

वाघ हा या कलेचा गाभा आहे. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला, आणि तेव्हापासून चंद्रपुरात वाढदिवस असो, निवृत्ती असो की सहकारी पतसंस्थेची वार्षिक सभा असो, व्यासपीठाच्या मागच्या फलकावर एक वाघ असतोच. साहजिकच केकवरही वाघच हवा असतो. मुंबई-पुण्याच्या बाईने वाघ केला तर गिऱ्हाईक तो वाघ आहे एवढ्यावर समाधान मानते. इकडे मात्र गिऱ्हाईक वाघाला नावाने ओळखते. माया, मटकासुर, वाघडोह ही नावे येथे शाळकरी पोरांच्या तोंडी असतात, आणि त्यांपैकी कोणाच्या गालावर कोणती खूण होती यावर पानठेल्यावर तासभर वाद चालू शकतो. ऑर्डर घेण्याचा प्रसंग त्यामुळे पुढील वळणाने जातो.

“ताई, पोराचा पहिला बर्थडे आहे. वाघ पायजे.”

“हो जी. कसा वाघ?”

“जिप्सीकडं चालत येऊन राहिला, असा. मागं तळं पायजे, तळ्यात मगर.”

“किती किलोचा केक?”

“अर्धा.”

अर्ध्या किलोचा केक साधारण सहा इंच व्यासाचा असतो. एका नर वाघाला आपली हद्द म्हणून कित्येक चौरस किलोमीटर जंगल लागते हे ज्ञात असलेला मनुष्यही त्याला सहा इंचांत चालवू पाहतो, आणि वर एक मगरही मागतो. घासाघीस होऊन वाघ बसलेला ठरतो. बसलेला वाघ करायला घेतला की त्याची मान आत दांडी घालूनही पुढे झुकते, म्हणून शेवटी तो झोपलेला केला जातो. घरगुती केककलेतील बहुतेक सर्व प्राणी झोपलेले असतात, या वस्तुस्थितीचे कारण त्यांच्या स्वभावात नसून गुरुत्वाकर्षणात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पमुळे हत्तीलाही तिकडून मागणी येते, आणि हत्तीची सोंड उभी ठेवायची तर फॉन्डंटमध्ये सीएमसी नावाची पूड मिसळून, जिने ते वाळून कडक होते, सोंड दोन-तीन दिवस आधी करून ठेवावी लागते. ऑर्डर आदल्या रात्री येते. त्यामुळे कमलापूरचे हत्तीसुद्धा केकवर येईपर्यंत सोंड पोटाशी घेऊन गाढ झोपी गेलेले असतात.

वाघाचे अंग केशरी करणे सोपे असते, परंतु पट्टे काळे असतात आणि तेथे कायदा आडवा येतो. खाद्यपदार्थांत वापरायला भारतात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यांत लाल आहेत, पिवळे आहेत, निळे आहेत, एक हिरवाही आहे, काळा नाही. ज्या जिल्ह्यात जमीन उकरावी तेथे कोळसा लागतो त्या जिल्ह्यात बाईने काळ्या रंगासाठी कोको पावडरमध्ये निळा ओतत बसावे, हा दैवदुर्विलास आहे. रंगाची कमाल मात्राही ठरलेली आहे, साधारणतः किलोमागे १०० मिलिग्रॅम, आणि घरून केक विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्यामुळे नियम पाळणाऱ्या बाईचे पट्टे चॉकलेटी उमटतात आणि न पाळणाऱ्या बाईच्या गिऱ्हाइकांच्या जिभा दुसऱ्या दिवशी शाळेत निळ्या दिसतात. डोळ्यांना रंगीत चॉकलेटच्या गोळ्या लावतात, दोन पिवळ्या न मिळाल्यास एक पिवळी आणि एक हिरवी. मिशांना कच्च्या शेवया खोचतात. शेवया या सर्व बांधकामातील सर्वांत टिकाऊ घटक असून बाकी वाघ वाहून गेला तरी त्या खोक्याच्या तळाशी उभ्या राहिलेल्या आढळतात.

असा वाघ तयार होऊन समारंभस्थळी पोहोचला की त्याची तपासणी होते. चंद्रपुरातील प्रत्येक कुटुंबात वनखात्यात नोकरी केलेला, करत असलेला किंवा करता करता राहिलेला एक काका असतो, आणि मेणबत्त्या लागण्यापूर्वी तो चष्मा पुसून पुढे येतो.

“पट्टे कोणी काढले?”

“घरीच काढले जी. दोन्ही बाजूले एकदम सारखे आले, पाहा.”

“तेच तं चुकलं. खऱ्या वाघाच्या दोन्ही कुशी सारख्या नसतेत. म्हणून तं आमी दोन्हीकडून कॅमेरे लावतो.”

काकांचे म्हणणे शास्त्रशुद्ध असते. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी ज्याची त्याची वेगळी असते, डाव्या कुशीवरची उजव्या कुशीवर नसते, आणि व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावून दोन्ही कुशींची छायाचित्रे याचसाठी घेतात. ज्या बाईने फूटपट्टी धरून, श्वास रोखून, पट्ट्यास पट्टा जुळवत रात्रीचे अडीच वाजवले तिला हे ज्ञान केक कापण्याच्या क्षणी प्राप्त होते. त्यानंतर काका पंजे मोजतात. पंजाच्या ठशात चारच बोटे उमटतात हे ते सर्वांना समजावून सांगतात, केकवरील एका पंजाला पाच बोटे आणि दुसऱ्याला तीन असल्याचे दाखवतात, आणि एकूण सरासरी बरोबर असल्याबद्दल समाधान व्यक्त करतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ असल्याने त्याच्या मानेवर सुरी कोणी ठेवायची, हा विनोद ते दरवर्षी करतात आणि दरवर्षी नातलगांपैकी तीच एक आत्याबाई त्यावर हसते.

तपासणीला उशीर झाला तर निसर्ग आपले काम करतो. मे महिन्यातील संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या अंगणात ठेवलेल्या वाघाचे रूपांतर ठरावीक क्रमाने होते. प्रथम कान खाली येतात आणि तो बिबट्यासारखा दिसू लागतो; पट्टे एकमेकांत मिसळले की अस्वल होते, जे ताडोबात आढळत असल्याने फारसे गैर मानले जात नाही; अस्वलाचे नाक पुढे सरकले की रानडुक्कर होते; आणि त्यानंतरच्या अवस्थेला ‘जंगल थीम’ असे म्हणतात. थीम हा शब्द या व्यवसायातील सर्वांत मोठा आधार आहे. जे काही घडले ते ठरवून घडले, असे भासवण्याची सोय त्यात असल्याने प्रत्येक अनुभवी केककर्ती ऑर्डर घेतानाच ‘थीम कोणती’ असे विचारून ठेवते. तळ्यातली मगर मात्र कधी बिघडत नाही, कारण ती पहिल्यापासूनच हिरवा ठोकळा असते.

चंद्रपूरच्या परकोटाचा जटपुरा दरवाजा हा या कलेतील दुसरा आवडता विषय. गोंड राजवटीतील या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीला लोळवणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले आहे, आणि दरवाजाच्या कमानीखाली आज शहरातील सर्वाधिक वाहतूक अडकते. केकमध्ये कमान उभी करायची तर स्पंज आडवा कापून मध्ये पोकळी ठेवावी लागते, त्यावर वरचा भाग पेलण्यासाठी स्ट्रॉ उभ्या खोचाव्या लागतात, आणि शेवटी त्यावर सिंह बसवावा लागतो. सिंह बसवला की कमान बसते. एका बाजूने पाहता हे वाईट असले तरी शहरातील वाहतूक समस्येवर दरवाजा जमीनदोस्त होणे हाच उपाय आहे असे ज्यांचे मत आहे, अशा पाहुण्यांना तो केक विशेष आवडतो. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याविना केलेल्या रॉयल आयसिंगमधून, म्हणजे वाळल्यावर कडक होणाऱ्या साखरेच्या लेपातून, मिलानच्या कॅथेड्रलवर बेतलेली १०० किलोंची वास्तू उभारली असून तिची छायाचित्रे मोबाइलवर दाखवून “असंच मार्कंड्याचं मंदिर करून द्या, एक किलोत” अशी मागणी करणारी गिऱ्हाइके गडचिरोलीत आहेत. त्याच जिल्ह्यातील मार्कंड्याच्या मंदिरावरील शिल्पे पाहून ज्यांची मान अवघडली आहे त्यांनी ही मागणी किती साधी आहे याची कल्पना करावी.

गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग होता, आणि जिल्हे वेगळे झाले तरी केक चंद्रपूरहूनच मागवण्याची सवय काही घरांत टिकून आहे. चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर. एसटीच्या खिडकीजवळच्या जागेवर मांडीवर खोके घेऊन बसलेला मनुष्य, म्हणजे बहुधा केककर्तीचा नवरा, या वाटेवर सहज ओळखू येतो, तो गतिरोधकाआधी उठून उभा राहतो, गतिरोधक गेल्यावर बसतो, आणि शेजारच्याच्या “बाँब होय का?” या प्रश्नाला उत्तर देत नाही. मूल येईपर्यंत वरचा मजला खालच्यावरून दोन इंच सरकलेला असतो, सावलीला तो खोक्याच्या भिंतीला टेकतो, आणि गडचिरोलीला उतरून घेणाऱ्यास खोके देताना नवरा फक्त एवढेच सांगतो की उघडण्याआधी ते थोडे उजवीकडे कलते करावे. पुढे आलापल्ली, सिरोंच्याकडे केक पाठवण्याचे धाडस करणाऱ्यांना बेकर न म्हणता साहसी म्हणणेच न्याय्य होईल. झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामात वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील नाटक मंडळींकडून प्रयोगांची संख्या साजरी करण्यासाठी केकची मागणी होते. ही नाटके दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालत असल्याने केक कापण्याचा मुहूर्त पहाटे निघतो, आणि हिवाळ्यातील थंडीमुळे ही एकच मागणी अशी आहे की जिच्यातला वाघ वाघ म्हणून पोहोचतो. दुर्दैवाने त्या वेळी नाटक मंडळींना वाघ नको असतो, रंगमंच हवा असतो.

लेखनाचा भाग सर्वांत अवघड. ‘हॅपी बर्थडे’ इंग्रजी अक्षरांत लिहिताना हात सैल सुटतो, पण मराठीचा अभिमान असलेली कुटुंबे ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे सगळे सहा इंचांत मागतात. ‘वाढदिवसाच्या’ ऐसपैस येते, कारण सुरुवातीला जागा मुबलक वाटते, ‘हार्दिक’चा रफार उष्णतेने घसरून ‘दि’च्या वेलांटीत अडकतो, आणि ‘शुभेच्छा’ काठावर पोहोचते तेव्हा ‘च्छा’ला उभ्या भिंतीवरून उतरावे लागते. त्यातून मुलाचे नाव जोडाक्षरांचे असेल तर विचारू नये. ज्ञानेश्वरी, प्रज्ञा, श्लोक अशी नावे ठेवणाऱ्या आईबापांना त्या वेळी वाढदिवसाची कल्पना नसावी. फोनवर नाव सांगताना “‘श’ शहामृगाचा की ‘ष’ षटकोनाचा?” असे विचारणाऱ्या केककर्तीला “गोड कोणता दिसन, तो लिहा” असे उत्तर मिळाल्याचे ऐकिवात आहे.

व्यवहाराच्या बाजूबद्दल थोडे. गिऱ्हाईक केक बिनअंड्याचाच हवा असे तीन वेळा बजावते, चतुर्थी आहे, आजी आल्या आहेत, भांडेही वेगळे वापरा असे सांगते, आणि फॉन्डंटमधील जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघते हे त्याच्या गावीही नसते. ते सांगावे तर ऑर्डर जाते, न सांगावे तर झोप जाते. म्हणून सज्जन बायका शाकाहारी फॉन्डंट महागात आणतात आणि किंमत सांगताच पुढील संवाद ऐकतात.

“एवढे? बेकरीत तं अडीचशेत येते!”

“त्याच्यावर वाघ नसते ना जी.”

“वाघाचे वेगळे लावून राहिले का? घरचंच तं हाय तुमचं सगळं.”

‘घरचंच’ या शब्दाने मैदा, गॅस, वीज, रात्रीचे जागरण आणि सासऱ्यांच्या इन्सुलिनशी केलेला तह हे सर्व एका फटक्यात फुकट ठरते. केककर्ती यावर काही बोलत नाही, कारण नाही म्हणणे हे तिला कोणत्याच शिकवणीत शिकवलेले नसते. ती वाघाचे पैसे सोडते, मगर मोफत देते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच घरातून, पोराच्या बापाच्या वाढदिवसासाठी, कोळशाच्या खाणीतील डंपर हलत्या चाकांसह करून देण्याची ऑर्डर घेते.

एवढे होऊन फॉन्डंट कोणी खात नाही. प्रस्तुत लेखकाचा या शास्त्रातील अधिकार ताटलीच्या कडेला फॉन्डंट काढून ठेवण्यापुरताच असला, तरी त्या निरीक्षणाला व्यापक आधार आहे: समारंभ संपल्यावर कागदी ताटल्या गोळा करणाऱ्यास प्रत्येक ताटलीच्या काठावर वाघाचा एक तुकडा सापडतो, कोठे कान, कोठे पाच बोटांचा पंजा, कोठे नुसता केशरी पापुद्रा. हे तुकडे एकत्र जोडले तर संपूर्ण वाघ उभा राहू शकेल, आणि तो मूळच्या वाघाहून फारसा वाईट दिसणार नाही. डोके कोणी कापत नाही. ज्याचा वाढदिवस आहे ते मूल डोके कापायला निघताच रडते, म्हणून ते वेगळे काढून घरी नेले जाते आणि मुंग्या लागेपर्यंत शोकेसमध्ये राहते. मेणबत्त्यांआधी औक्षण होते, निरांजनाची धग वाघाच्या उरलेल्या कानाला लागते, नंतर मित्रमंडळी क्रीमचा हात भरून वाढदिवसाच्या धन्याच्या तोंडाला फासतात, आणि ज्या गुलाबासाठी नोझलशी तासभर झुंज चालली होती तो गुलाब कोणाच्या तरी भुवईवर जाऊन बसतो.

वाचकांना विनंती एवढीच की चंद्रपुरात वाघाचा केक हवा असल्यास तो डिसेंबर-जानेवारीत मागवावा, मे महिन्यात जन्मलेल्यांनी आंब्याच्या रसावर भागवावे, ऑर्डर किमान तीन दिवस आधी द्यावी आणि मगर मागू नये. समारंभात केक समोर आल्यावर तो प्राणी कोणता हे ओळखता आले नाही, तर “हे काय आहे?” असे केककर्तीला विचारू नये. “ताडोबाच्या कोणत्या गेटचा?” असे विचारावे, ती लगेच मोहर्ली सांगते.